बारा मैलांच्या अलीकडे

कोर्टाच्या व्हरांड्यात माझी लेक रेवा रडायला लागली आणि माझ्याआधी आरोपी उठून उभा राहिला.

बेडीचं दुसरं टोक हवालदाराच्या मनगटात होतं, त्यामुळे तोही बिचारा अर्धवट उठला आणि "बैठो, बैठो" म्हणत त्याला खाली ओढायला लागला. आरोपी बसला. पण नजर काही रेवावरून हलेना. मग त्यानं जीभ टाळूला लावून घोड्याच्या टापांसारखा टक्‌टक् आवाज काढायला सुरुवात केली. रेवा दचकली. ओठ काढलेला तसाच राहिला, डोळे मोठे झाले, आणि मग ती चक्क हसली.

माझी आई तिला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिनं पदर सावरत त्या माणसाकडे नीट पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "ह्याच्या घरी लहान आहे गो."

त्याच्या घरी लहान होतं की नव्हतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. दादकरीम त्याचं नाव. इराणच्या किनाऱ्यावरचा बलुची, पंचविशीचा. तो घरातून निघाला तेव्हा बायकोला आठवा लागला होता. त्यानंतर समुद्रात किती दिवस गेले, कोठडीत किती गेले याचा हिशेब करून तो मोडक्यातोडक्या हिंदीत मला म्हणाला होता, "अब तक हो गया होगा, नहीं तो..." त्या 'नाहीतर'च्या पुढे तो कधीच जात नसे. घरी फोन नाही, दूतावासातून अजून कुणी आलेलं नाही, आणि मी सुटणार कधी हा एकच प्रश्न तो मला दर तारखेला विचारायचा.

रेवा तेव्हा चार महिन्यांची होती. आता ती दुसरीत आहे आणि मी लिहायला बसले की पेन्सिल पळवून नेते. तिचे बाबा त्या वर्षी लातूरला बदलीवर होते. आई खारशेतहून, म्हणजे आमच्या गावाहून, तिला सांभाळायला माझ्या भाड्याच्या खोलीवर येऊन राहिली होती. वकिली सुरू करून मला फार काळ झाला नव्हता. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकारी खर्चानं वकील देतात, त्या यादीत माझं नाव होतं. परदेशी होडीची केस आली तेव्हा यादीतल्या बाकीच्यांना नेमकी कामं निघाली. मी अंगावर पाजती बाई. मलाही नाही म्हणता आलं असतं. पण मी खारशेतची, मासेमारांच्या गावातली. होडीची केस मी सोडली असती तर घरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"पण केलंय काय ह्यांनी?" आईनं विचारलं.

मी तिला सांगितलं ते असं: किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी म्हणजे आपलं अंगण. तिथे परक्या होडीनं मासे मारले तर माणसांना तुरुंग, तीन वर्षांपर्यंत. बाराच्या पलीकडे दोनशे मैलांपर्यंत अंगण नाही, पण तिथल्या मासळीवर हक्क आपला. तिथे मारले तर दंड होतो, होडी जाऊ शकते, पण माणूस आत जात नाही. साऱ्या जगानं मिळून समुद्राची अशी वाटणी केली आहे. आणि बारा मैलांच्या आतसुद्धा, वाट चुकलेली किंवा बंद पडलेली होडी नुसती आली, तर तो गुन्हा नाही.

"आणि ही कुठे सापडली?"

"नऊ मैलांवर. आत ताजी मासळी होती."

आई रेवाच्या पाठीवरून हात फिरवत होती. "मासा कुणाचा ते माशाला कोण सांगतो म्हणा," एवढंच म्हणाली.

केस दिसायला सरळ होती आणि आमच्या विरुद्ध होती. जुलैचा शेवटचा आठवडा, पाऊस चार दिवस उघडलेला. पावसाळी मासेमारीबंदी अजून उठलेली नव्हती, त्यामुळे समुद्र मोकळा. गस्ती नौकेला ही एकटी होडी नऊ मैलांवर दिसली. त्यांनी थांबवली, तपासली. होडीतल्या म्हाताऱ्या नाखव्यानं, पीरबक्षनं, इंजिन बंद पडल्याचं सांगितलं. गस्तीवरच्या माणसानं कळ दाबली तर इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. मासळी ठेवायचा खण उघडला तर आत ताजी मासळी. गस्तीवरचा अधिकारी सरळ माणूस होता. साक्षीत त्यानं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, आणि म्हणूनच मला त्याला कुठे धरता आलं नाही.

मी पीरबक्षला कोठडीत जाऊन कितीदा तरी विचारलं. इंजिन बंद पडलं होतं तर सुरू कसं झालं? मासळी कुठली? तुम्ही बाराच्या आत आलात कसे? त्याचे डोळे घारे, दाढी मेंदी लावलेली, आणि उत्तर एकच.

"पानी लाया."

"पाण्यानं आणलं, मान्य. पण मासे?"

तो हात जोडायचा आणि गप्प बसायचा. एकदा दादकरीम काहीतरी बोलायला गेला तर त्यानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि दादकरीमनं मान खाली घातली. मला त्या दिवशी म्हाताऱ्याचा फार राग आला. पोराची बायको तिकडे बाळंत होतेय आणि हा तोंडात गुळणी धरून बसलाय. खोलीवर आल्यावर मी आईपाशी हे सगळं भडाभडा बोलले. आई रेवाला तेल लावत होती. ती लावतच राहिली.

शेवटच्या साक्षीच्या आदल्या दिवशी मी कोर्टाची परवानगी काढून जप्त केलेली होडी बघायला बंदरात गेले. बरोबर एक पोलीस होता. होडी लांबोडकी, निळी-पांढरी, पुढच्या टोकाला, नाळेवर, डोळा रंगवलेला. जाळं काठाशी घडी करून ठेवलं होतं. मी वाकून त्याला हात लावला. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, एवढी मोठी की माझा हात कोपरापर्यंत आरपार गेला. हे कुप्याचं जाळं, खोल समुद्रातल्या मोठ्या मासळीचं.

मग खणात उतरले. पोलिसानं नाकाला रुमाल लावला. फळ्या धुतलेल्या होत्या, बर्फ कधीच वितळून गेलेला. पण फळ्यांच्या फटींत काहीतरी अडकलं होतं. नखानं काढून उजेडात धरलं. वाळलेली मिशी. कोळंबीचं डोकं. मग आणखी एक, आणखी एक. बारीक कोळंबी, आमच्याकडे ट्रॉलरला लागते तसली. या जाळ्यातून ती सात जन्मांत निघाली नसती. या जाळ्यातून रेवासुद्धा पडली असती. आणि दुसरं जाळं होडीवर नव्हतं.

"काही मिळालं का मॅडम?" पोलिसानं वरून विचारलं.

मी कोळंबीची डोकी दाखवून त्याला ते कागदावर लिहून घ्यायला लावलं. पण मी खणातून लगेच वर आले नाही. जप्त मासळीचा लिलाव होडी धरली त्याच दिवशी झाला होता, कागदावर फक्त 'ताजी मासळी, दोन टोपल्या' असं होतं, आणि ते वाचताना मला काहीच वाटलं नव्हतं. आता वाटलं. कारण आमच्या खारशेतात एक रीत आहे. शेजारच्या गावांत ती नाही; ते आम्हाला हसतात. बंद पडलेली होडी ओढून आणायची तर ती रिकामी ओढायची नाही. रिकामी होडी ओढली तर रिकामपण आपल्या जाळ्याला लागतं. म्हणून दोर बांधायच्या आधी आपल्या मासळीतल्या दोन टोपल्या तिच्या खणात टाकायच्या.

म्हणजे ही होडी पाण्यानं आणलेली नव्हती. खारशेतच्या कुणीतरी आणली होती, दोर लावून. आणि ज्यानं आणली त्यानं बिचाऱ्यानं रीत पाळून त्यांच्या खणात गुन्ह्याचा पुरावा भरून ठेवला होता.

खोलीवर आले तेव्हा दुपार कलली होती. आई भाकऱ्या थापत होती, रेवा झोळीत. मी चप्पल काढतानाच सांगितलं, कोळंबीचं, फटींचं, दोन टोपल्यांचं. आईचा हात परातीत थांबला. मग तिनं ती भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"हरबा होता," ती म्हणाली.

हरबामामा, आईचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात मला उचलून बोहल्यावर नेणारा. स्वतःची होडी स्वतः चालवणारा तांडेल, आणि घरात कर्ता एकटाच.

मग तिनं मला सगळं सांगितलं. बंदी उठायला आठवडा होता, पण पाऊस उघडलेला बघून मामा गुपचूप बाहेर पडला होता. बरेच जातात, दोघांतिघांना धरतात. तिथे खोल पाण्यात त्याला ही होडी वाऱ्यावर झोकांड्या खात बुडायला आलेली दिसली. वरची माणसं कपडा हलवत होती. डिझेलमध्ये पाणी शिरून इंजिन बसलेलं, पकडलेली मासळी सडून समुद्रात टाकलेली, प्यायचं पाणी संपलेलं. मामानं पाणी दिलं, भात दिला, दोन टोपल्या टाकल्या आणि दोर बांधला. ओढता ओढता मामाचा इंजिनवाला दिनू त्यांच्या होडीवर जाऊन इंजिन उघडून बसला, ते साफ करून त्यानं पुन्हा चालू केलं. तेवढ्यात गस्ती नौका दिसली. बंदीत सापडलो तर परवाना गेला. मामानं दिनूला परत घेतलं, दोर सोडला, त्या म्हाताऱ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि मध्ये चार दिवसांतली पहिली सर आडवी आली तिच्या आडून निघून आला.

"त्याला वाटलं, किनाऱ्याजवळ आणून सोडलंय, आता काय, जातील आपल्या वाटेनं," आई म्हणाली. "ते धरले गेले हे त्याला मागाहून कळलं."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"तू ही केस घेतलीस तेव्हापासून." तिनं भाकरी उलटली. "भाऊ आहे तो माझा, हेमा."

ती रोज माझ्याबरोबर कोर्टात येऊन त्या बाकावर बसत होती, समोर तो पोरगा माझ्या मुलीला हसवत होता, आणि तिच्या पोटात हे होतं.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तो बोलला तर त्याचं काय करतील?"

"परवाना अडकवतील. निम्मा हंगाम जाईल."

"आणि नाही बोलला तर त्या पोराचं?"

"तीन वर्षं होऊ शकतात."

आईनं तवा उतरवला. हात धुतले, पदराला पुसले, झोळीतून रेवाला उचलून तिचा एक मुका घेतला आणि तिला माझ्या हातात दिलं.

"भाजी झाकून ठेवलेय. एसटी मिळते का बघते."

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात रेवाला घेऊनच गेले, कारण ठेवणार कुणाकडे? आईचा फोन लागत नव्हता. खारशेतात वारा जरा जोरात सुटला की रेंज जाते. आमची केस पुकारली तेव्हा रेवा एका महिला शिपायाच्या खांद्यावर होती आणि तिच्या बिल्ल्याशी खेळत होती. मी वेळ मागून घेतला: एक साक्षीदार यायचाय. न्यायाधीश मॅडमनी दुसऱ्या केस घेतल्या. मग पुन्हा आमची पुकारली. मी पुन्हा वेळ मागितला. सरकारी वकील शृंगारे वयानं मोठे, जिभेनं तिखट, पण मनानं वाईट नव्हते. ते उठून म्हणाले, "मॅडम, माझ्या तरुण सहकारी बाईंचा साक्षीदार बहुतेक त्या शिपाईबाईंच्या खांद्यावर आहे. त्याला बोलता यायला अजून वर्षभर लागेल."

कोर्ट हसलं. मीसुद्धा हसले, कारण नाहीतर रडले असते. आरोपींच्या पिंजऱ्यात दादकरीम सगळ्यांची तोंडं बघत होता. हसण्यातून आपल्याबद्दल चांगलं निघतंय की वाईट, हे त्याला कळत नव्हतं.

"जेवणाच्या सुटीपर्यंत," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर नाही."

सुटीला थोडाच वेळ असताना दारात हरबामामा दिसला. गुडघ्यापर्यंत पॅन्ट भिजलेली, पांढरा शर्ट इस्त्रीचा, चपला हातात. त्याच्यामागे आई. वाटेत दरड आली म्हणून एसटी थांबली होती, आणि ही दोघं चालत पुढे येऊन एका टेम्पोत बसून आली होती. मामाच्या काखेत गमछ्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी पुढे गेले. म्हाताऱ्या पीरबक्षनं त्याला पाहिलं आणि पटकन तोंड भिंतीकडे फिरवलं, जणू हा माणूस त्यानं जन्मात पाहिलेला नाही.

मामा साक्षीच्या पिंजऱ्यात चढला. मॅडमनी त्याला आधी बजावलं: जे सांगाल ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं, आणि असं काही सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. मामा म्हणाला, ठाऊक आहे, भाची वकील आहे. मग त्यानं सगळं सांगितलं, आईनं मला सांगितलं होतं त्याच क्रमानं, आणि शेवटी गमछा सोडला. आत त्याच्या होडीवरचा जीपीएस होता. बंद पडलेली होडी दिसली ती जागा त्यानं तिथल्या तिथे खूण करून ठेवली होती. मोठी मासळी मिळाली किंवा काही वेगळं दिसलं की आमच्याकडे सगळेच तशी खूण करतात. गस्ती नौकेच्या अधिकाऱ्यालाच बोलावलं गेलं. त्यानं यंत्र हातात घेतलं, बटणं दाबली, तारीख पाहिली, आकडे कागदावर मांडले. खूण एकोणीस मैलांवरची होती.

शृंगारे वकील उठले. आता आवाजात थट्टा नव्हती.

"बंदीच्या काळात तुम्ही समुद्रात होता."

"होय साहेब."

"तुमचं जाळं पाण्यात होतं."

"होय."

"मग आरोपींच्या खणातली मासळी तुमची होती हे कशावरून? त्यांचीच का नसेल?"

"ती कोळंबी होती साहेब, नि त्यांच्या जाळ्यातून कोळंबी काय, माझा हात जातो." मामानं गमछा खांद्यावर टाकला. "मी टाकली. रिकामी होडी ओढत नाय आमच्यात."

"एवढ्या लांबची परकी माणसं. गस्ती नौकेला कळवायचं सोडून तुम्ही त्यांना दोर का बांधला?"

मामा त्यांच्याकडे जरा गोंधळून पाहत राहिला, जसं काही जेवताना का जेवतोस असं कुणी विचारावं.

"ती बुडत होती," तो म्हणाला.

शृंगारे वकिलांनी खाली बसताना माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

निकाल दोन दिवसांनी आला. बारा मैलांच्या आत मासेमारी केल्याचं सिद्ध होत नाही. संकटातली होडी दोर लावून आत आणली गेली. सापडलेली मासळी त्यांची नव्हती. सगळे सुटले. होडी परत द्यायचा हुकूम झाला. मी दादकरीमला हिंदीत सांगायला लागले तर माझी हिंदी अचानक संपली. मी नुसता समुद्राच्या दिशेला हात केला. तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं.

बार रूमच्या मागच्या खोलीत मी रेवाला पाजायला बसले, आणि इतके दिवस धावपळीत पाजून पाजून दूध आटलं की काय म्हणून घाबरणाऱ्या मला त्या दिवशी असा पान्हा फुटला की पोरीला ठसका लागला. आई तिची पाठ थोपटत हसत होती. मी कितीतरी दिवसांनी भिंतीला डोकं टेकवलं.

मामा बाहेर बदामाच्या झाडाखाली बिडी ओढत उभा होता. मत्स्य खात्याच्या माणसानं त्याला तिथेच गाठून नोटीस दिली होती. त्याचा परवाना दिवाळीपर्यंत अडकणार होता. मी म्हटलं, "मामा, आईनं तुला फार गळ घातली का रे?"

"तिनं? ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, ते अजून बोललेले नाहीत."

"काय?"

"तेवढंच. ते अजून बोललेले नाहीत." त्यानं बिडी पायाखाली विझवली. "मला वाटलं होतं, केव्हाच माझं नाव सांगितलं असेल त्यांनी. माझ्या होडीचा नंबर त्या म्हाताऱ्यासमोर होता गो, एवढा मोठा, बाजूवर रंगवलेला. रोज वाट बघायचो, आज पोलीस येतील, उद्या येतील. नाव सांगितलं असतं तर ते सुटले असते. नि मी नुसतं तोंडावर बोट ठेवलं, तर तेवढ्यावर ते आत बसून राहिले."

त्याच्या मागून पोलिसांबरोबर ती माणसं बाहेर आली, आता बेड्यांशिवाय. पीरबक्ष मामासमोर येऊन थांबला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे बोलणं माझ्यामार्फत झालं. मी त्याला म्हटलं, मला तरी सांगायचं होतं, मी तुमची वकील. म्हातारा म्हणाला, ज्यानं पाणी दिलं त्यानं चूप राहा म्हटलं होतं. यात विचारण्यासारखं काय आहे? आणि मग तो मामाचे हात धरून बराच वेळ उभा राहिला. मामा कुठे बघावं ते न कळून माझ्याकडे बघत होता.

कागदपत्रं, डिझेल, दूतावासाची परवानगी, यात आणखी काही आठवडे गेले. गणपती जाऊन दर्या शांत झाल्यावर ते निघाले. मामाला समुद्रात जायला बंदी होती, म्हणून तो धक्क्यावरून पाहत होता; येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता की दिनूनं साफ केलेलं इंजिन आहे, आवाज ऐका. दिवाळीपर्यंत तो गावभर "भाचीच्या कायद्यानं मला घरकोंबडा केला" म्हणून फिरला, आणि दर खेपेला मला ते सांगताना त्याची छाती जरा पुढे यायची.

मग एके दिवशी सकाळी मी डबा भरत होते आणि फोनवर एका लांबलचक परक्या नंबरावरून आवाज आला, बोलणं नाही, नुसता पाठवलेला आवाज. मी लावला. आधी वारा, भांड्यांचा खणखणाट, बायकांचं कुजबुजणं. मग एक रडणं. पातळ, चिडलेलं, जोरकस रडणं, श्वास घेण्यापुरतं थांबायचं आणि पुन्हा सुरू. मागे एक पुरुष हसत होता. बाकी एक अक्षर नाही.

आईनं पदराला हात पुसले, फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"तब्येतीनं बरं आहे," ती म्हणाली. "भुकेचं रडणं आहे हे, दुसरं काही नाही." आणि मग फोन तोंडाशी धरून, पलीकडे कुणी ऐकत नाही हे ठाऊक असूनही, मराठीतच म्हणाली, "अरे, हसत काय बसलायस? आईकडे दे बाळाला."